शेळीचं वजन : टेप घ्या, घेर मोजा



दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यात गावोगाव एकच गडबड उडते. मुकादमाची गाडी येणार, कोयता बांधायचा, सहा महिन्यांचं बिऱ्हाड बांधायचं. मग दावणीच्या शेळ्यांचं काय करायचं? म्हातारं माणूस घरी राहणार असेल तर दोन ठेवायच्या, बाकीच्या बाजाराला न्यायच्या. गावाला जायची घाई असते, उचल फिटलेली नसते, आणि समोरचा व्यापारी हे सगळं ओळखून असतो. तो शेळीच्या कमरेवर हात ठेवतो, पाठ चाचपतो, एकदा उचलून बघतो आणि म्हणतो, "मावशी, पंचवीस किलो भरंल." आपण त्याच्या तोंडाकडं बघतो. पंचवीस की तीस, हे आपल्याला ठाऊक नसतं. त्याला मात्र ठाऊक असतं. त्याच्या हाताला रोजची सवय आहे.

आजच्या भाषणात मी एवढंच सांगणार आहे, की हे वजन तुम्हालाही घरच्या घरी काढता येतं. त्याला शिंप्याकडची टेप लागते आणि चौथीतल्या पोराला येतो तेवढा गुणाकार-भागाकार लागतो.

मापं दोनच घ्यायची. पहिलं माप छातीच्या घेराचं. पुढच्या दोन्ही पायांच्या अगदी मागून टेप घालायची, वर खांद्यामागून आणायची आणि अंगाला बेताची लागेल अशी धरायची. आवळायची नाही आणि लोंबूही द्यायची नाही. दुसरं माप लांबीचं. पुढे खांद्याचं जे टोक हाताला लागतं, तिथून मागे शेपटीच्या बुंध्याखालच्या टोकदार हाडापर्यंत बाजूनं सरळ मोजायचं. मान, डोकं, शेपूट यात धरायचं नाही.

आता हिशेब. घेराला घेरानं गुणा, आलेल्या आकड्याला लांबीनं गुणा आणि 660 नं भागा. मापं इंचात असली तर उत्तर किलोत येतं. समजा घेर 28 इंच, लांबी 26 इंच. अठ्ठावीस गुणिले अठ्ठावीस 784, त्याला 26 नं गुणलं की 20,384, भागिले 660. उत्तर जवळजवळ 31 किलो. टेपच्या सेंटिमीटरच्या बाजूनं मोजलं तर 660 ऐवजी 10,840 नं भागायचं. हल्ली घरातल्या पोरांच्या हातात मोबाइल असतो, त्यातच गुणाकार होतो.

कुणी विचारील, घेर दोनदा का गुणायचा? विहिरीचा विचार करा. विहीर दुप्पट खोल नेली तर पाणी दुप्पट मावतं. पण खोली तीच ठेवून विहिरीची रुंदी दुप्पट केली, तर पाणी चौपट मावतं. शेळीचं धड म्हणजे आडवी ठेवलेली विहीरच समजा. लांबी एका बाजूनं वाढते, घेर मात्र रुंदी आणि उंची दोन्हीकडं फुगतो. म्हणून वरच्याच शेळीची लांबी एक इंचानं वाढली तर वजन सव्वा किलोच्या आत वाढतं, पण घेर एक इंचानं वाढला तर सव्वादोन किलो वाढतं.

आपली नजर फसते ती इथंच. आपण लांबलचक, उंच शेळी बघतो आणि तीच जड समजतो. 27 इंच घेराची, 28 इंच लांब शेळी घ्या. वजन भरतं 31 किलोला थोडं कमी. शेजारी 29 इंच घेराची आणि फक्त 24 इंच लांबीची बुटकी, गोल शेळी उभी करा. ती चार इंचांनी आखूड आहे, पण वजनाला साडेतीस किलोच्या वरच भरेल. बाजारात मात्र लांब शेळीला हजार रुपये जास्त मागायचे आणि बुटकीला आपण होऊन कमी सांगायचं, असं आपल्याच हातून होतं. व्यापारी बुटकी आधी उचलतो.

ही युक्ती काही शेळीपुरती नाही. बैलाच्या, गाईच्या अंदाजालाही हेच सूत्र चालतं. अमेरिकेत हौसेनं गळ टाकणारे लोक बास नावाचा मोठा मासा पकडतात आणि पुष्कळदा मोजून परत पाण्यात सोडतात. तेसुद्धा लांबीला घेरानं दोनदा गुणतात, पण इंच आणि पौंडाच्या हिशेबात 800 नं भागतात. शेळीला तोच हिशेब पौंडात केला तर 300 नं भागावं लागतं. एवढा फरक का? माशाची लांबी तोंडापासून शेपटीपर्यंत धरतात आणि तो दोन्ही टोकांना निमुळता होत जातो. शेळीची लांबी आपण नुसत्या धडाची धरतो. डोकं, मान, पाय हे न मोजता वजनात येतात. म्हणून ज्या जनावराचं सूत्र त्यालाच लावावं. शेततळ्यातल्या कटल्याला शेळीचं सूत्र लावाल तर एकेक मासा करडाएवढा भरेल!

आपल्या भागात जास्त करून उस्मानाबादी शेळी. जिल्ह्याचं नाव आता धाराशिव झालं, शेळीचं नाव तेच राहिलं. काळी, उंच पायांची, बऱ्याचदा जुळी देणारी. चांगल्या वाढीची मोठी शेळी साधारण 30 ते 35 किलोच्या आसपास भरते. तुमच्या शेळीचा हिशेब 50 किलो आला, तर आनंद मानण्याआधी टेप पुन्हा लावून बघा.

हे मी अनुभवानं सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वस्तीवर मी मोठ्या ऐटीत एका आजीबाईंच्या शेळीला टेप लावली. शेळी धडपडत होती, टेप छातीवरून मागं पोटावर सरकली, आणि मी घेर 30 इंच वाचला. साडेपस्तीस किलो म्हणून सांगून टाकलं. आजी त्या आकड्यावर अडून बसल्या. व्यापाऱ्यानं काटा लावला तेव्हा ती भरली 31. आजी मला म्हणाल्या, "सायब, तुमची टेप पोटभर जेवलेली दिसती." तेव्हापासून मी प्रत्येक शेळीला टेप तीनदा लावतो आणि मधला आकडा धरतो.

मोजायची वेळ सकाळची, चारापाण्याच्या आधीची. शेळी सपाट जागी, चारी पायांवर नीट उभी, मान सरळ. एकानं धरायची, एकानं मोजायची. केस ओले असतील तर वाळू द्यावेत. गाभण शेळीला, विशेषतः शेवटच्या दोन महिन्यांत, या हिशेबावर विसंबू नये. अगदी लहान करडांनाही हा हिशेब नीट लागत नाही. त्यांना झोळीत घालून ताणकाट्याला अडकवलेलं बरं. आणि मोठ्या शेळीतसुद्धा किलो-दोन किलोचा, कधी त्याहून जास्त फरक पडतो, हे धरून चालावं. गावात काटा असेल तर काट्यावरच वजन करावं. टेप आहे ती काटा नसलेल्या ठिकाणासाठी.

काही मंडळी बाजाराच्या दिवशी शेळीला मीठ चारून पोटभर पाणी पाजतात. व्यापारी काही कालचा नाही. तो पोट बघतो आणि दोन किलोऐवजी तीन किलो कापतो. शिवाय शेळी वाटेत हगवणीला लागली तर नुकसान आपलंच. हा धंदा करू नये.

आता पैशाचं बघा. हिशेबापुरता भाव किलोला 400 रुपये धरू. तीस किलोची शेळी सत्तावीस म्हणून गेली, तर बाराशे रुपये गेले. चार शेळ्यांत अठ्ठेचाळीसशे. तेव्हा नेकनूरला जा की जवळच्या आठवडी बाजाराला जा, निघण्याआधी घरीच वजनं काढून चिठ्ठीवर लिहून न्या. रुमालाखाली बोटं धरून सौदा होत असला, तरी तुमचा आकडा तुमच्या मनात पक्का असू द्या. व्यापारी वजन आणि भाव एकत्र करून उक्ती रक्कम सांगतो. त्याला विचारा, "किती किलो धरली?" त्यानं आकडा सांगितला की बोलणं वजनावर येतं. मग म्हणा, काटा लावू. बकरी ईदच्या आधी बोकडाला रूप-रंगावर भाव मिळतो, तिथं किलोचा हिशेब मागं पडतो हे खरं; पण कमीत कमी किती घ्यायचं, हे तेव्हाही वजनावरूनच ठरवावं.

टेपचा आणखी एक उपयोग आहे आणि माझ्या मते तो विक्रीपेक्षा मोठा. जंताचं औषध वजनावर द्यायचं असतं. आपण काय करतो, बाटली आणतो आणि सगळ्यांना सारखंच एकेक टोपण पाजतो. मोठ्या शेळीला ते कमी पडतं, जंत पुरते मरत नाहीत, आणि जे उरतात त्यांना पुढं ते औषध लागू पडेनासं होतं. तेव्हा दवाखान्यात जाताना प्रत्येक शेळीचं वजन लिहून न्या आणि गाभण कोणती तेही सांगा, कारण काही औषधं गाभण शेळीला चालत नाहीत. किती मिली द्यायचं ते डॉक्टर सांगतील.

करडांचं दूध तुटल्यावर महिन्यातून एकदा टेप लावायची सवय ठेवा. गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं शेळीची खूण, तारीख आणि घेर लिहिला तरी पुरे. वाढत्या वयाच्या पाटीचा किंवा बोकडाचा घेर दोन महिने हलला नाही, तर जंत, चारा किंवा दुखणं यांपैकी काहीतरी आहे असं समजून लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.