तांबी बसवण्याआधी

घाटकोपरच्या वस्तीत बसलं की पहिला प्रश्न ठरलेला : तांबी छातीत चढते का हो ताई? नाही चढत. क्वचित पाळीत पडून जाते, म्हणून पाळीनंतर बोटाने दोरा तपासायचा.

माझ्या बाळंतपणानंतर मला न विचारताच तांबी बसवली होती. अंगावरून जास्त जायला लागलं, दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तेव्हा कळलं! टार्गेटं १९९६ साली कागदावरून गेली, सवय कुठे गेली?

बसवायला पाच-दहा मिनिटं लागतात. आधी आतून तपासणी, मग पाळीसारखी कळ. एखादीला चक्कर येते, तिने लगेच उठू नये. पहिले ३ ते ६ महिने पाळीत जास्त जातं. हे आधी सांगितलं असेल तर बाई घाबरत नाही. पण ताप, घाण वासाचं पाणी, ओटीपोटात सतत दुखणं किंवा पाळी चुकणं, यात थांबायचं नाही.

३८० ए तांबी १० वर्षं चालते, ३७५ ची ५. कुठली बसवली ते कार्डावर लिहून घ्या. नको वाटली तर कधीही काढून मागा. नवऱ्याची सही लागत नाही.