वाद घालण्याआधी एक प्रश्न

मोबाइलवरच्या वादात मी समोरच्याला एकच विचारतो: काय दिसलं तर तुमचं म्हणणं चुकीचं ठरेल?

‘मुसलमानांना मुलं जास्त, कारण धर्मच तसा,’ हे घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३ मध्ये मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुलं होती. २०१९-२१ मध्ये २.४. धर्म तर तोच आहे! हिंदू स्त्रियांचं प्रमाण १.९ आहे, म्हणजे फरक उरलाय. तो लपवू नका. पण त्याच सर्वेक्षणात शाळेत न गेलेल्या स्त्रियांना सरासरी २.८ मुलं, बारावी शिकलेल्यांना १.८. शिक्षणाचा सिद्धांत आकड्यांवर तपासता येतो, उद्या आकडे उलटे आले तर तो पडेलही. ‘सर्वेक्षणच खोटं’ म्हणणाऱ्याचं म्हणणं मात्र कशानेच पडत नाही. तिथे मी वाद थांबवतो.

हाच प्रश्न आपल्या माणसांनाही विचारा. पोलिओच्या डोसाने वंध्यत्व येतं, ही अफवा उत्तर प्रदेशात आपल्याच वस्त्यांत फिरली. डोस घेतलेल्यांना मुलं झालेली दाखवा, ‘परिणाम पुढच्या पिढीत दिसेल’ असं उत्तर तयार असतं. डोस न मिळालेली लेकरं मात्र त्याच पिढीत लुळी पडत होती.