चिखलात उतरण्याआधी
दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी घडवलेली जीप आज हौशी मंडळींना चिखलात, वाळूत, दगडगोट्यांत घेऊन जाते. तिची खरी ताकद वेगात नाही. इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळतो आणि ‘लो’ गिअर टाकला की गाडी माणसाच्या चालीनं चढ चढते. वाळूत शिरण्याआधी टायरमधली थोडी हवा काढतात. टायर पसरतो, वजन विभागलं जातं, चाक सहसा रुतत नाही. डांबरी रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरायची. कोकणच्या किनाऱ्यावर मात्र गाडी घालूच नका! वेळास, आंजर्ले इथं ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. चाकांच्या चरात अडकलेलं इवलंसं पिल्लू समुद्रापर्यंत पोचत नाही. खास आखलेल्या ट्रॅकवर जा; सोबत दुसरी गाडी आणि ओढायचा पट्टा असू द्या.