दवाखाना कोणाचा, खर्च कोणाचा?

(पूर्णा येथे पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



पूर्णा हे रेल्वेचे जंक्शन. नांदेडच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांत येथे रुग्णही असतात. सरकारी दवाखाना की खासगी, हा त्यांच्या घरच्यांपुढील प्रश्न. वस्तुतः प्रश्न दोन आहेत : उपचार कोण करतो आणि पैसे कोण देतो?

जर्मनीने १८८३ मध्ये कामगारांसाठी सक्तीचा आजार विमा सुरू केला. वर्गणी कामगार व मालक या दोघांची. ब्रिटनने ५ जुलै १९४८ पासून करांच्या उत्पन्नातून सर्वांना मोफत उपचार दिले. तेथेही बहुसंख्य कुटुंब-डॉक्टर शासनाचे नोकर नसून करारबद्ध व्यावसायिक आहेत. अमेरिकेने खासगी विम्यावर भिस्त ठेवली, तरी १९६५ मध्ये वृद्ध व गरीब यांच्यासाठी शासनाला पुढे यावेच लागले. थायलंडने आधी जिल्ह्याजिल्ह्यांत सरकारी रुग्णालये उभारली आणि मग २००२ मध्ये सर्वांना संरक्षण दिले. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

पैशाअभावी कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ मध्येच मांडले होते. महाराष्ट्रात जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात नांदेड होते, परभणी नव्हते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. तिच्यामुळे अंगीकृत खासगी रुग्णालयातही गरिबाची शस्त्रक्रिया शासनाच्या खर्चाने होते.

परंतु ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. मधुमेहाची दरमहाची गोळी, गर्भवतीची तपासणी, सर्पदंशावरील पहिली लस या गोष्टी गावाजवळच मिळावयास हव्यात. त्यासाठी सुमारे तीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हे मैदानी भागाचे प्रमाण आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क आहेत. मात्र औषधाचे कपाट रिकामे असेल, तर निःशुल्कतेला अर्थ उरत नाही. रुग्ण पदरचे पैसे मोडून खासगी दवाखान्याची पायरी चढतो.

म्हणून पंचायत सदस्यांना विनंती आहे, की औषधसाठा व कर्मचाऱ्यांची उपस्थिती हा विषय ग्रामसभेपुढे नियमाने घ्यावा. शिक्षकांनी योजनेची माहिती घरोघर पोहोचवावी. अधिकाऱ्यांनी तक्रार हा दोषारोप न मानता सूचना मानावी. खासगी रुग्णालयाचे साहाय्य अवश्य घेऊ. पण गावच्या केंद्राचा दिवा विझू देता कामा नये.