काट्यानं काटा

डोकं दुखलं की आपण कोपऱ्यावरच्या दुकानातून एक गोळी आणतो आणि चहाबरोबर घेऊन टाकतो. अ‍ॅस्पिरिन या नावानं ही गोळी 1899 साली बाजारात आली आणि घराघरांत पोचली. पण काही थोड्या माणसांना तीच गोळी घेतल्यावर तास-दोन तासांत नाक गळू लागतं, छाती घरघरते, श्वास कोंडतो.

माझ्या थोरल्या बहिणीला, आपाला, हा त्रास आहे. पस्तिशीनंतर तिची सर्दी हटेना. नाकात मांस वाढलं, मग दमा जडला. वास तर केव्हाच गेला होता. ईदला शीरखुर्मा तीच करायची. पण वेलदोडा पुरेसा झाला का, हे आम्हाला विचारायची. मृगाचा पहिला पाऊस तिला फक्त पत्र्यावरच्या आवाजानं कळायचा.

दमा, नाकातलं मांस आणि अ‍ॅस्पिरिन न सोसणं, या तिन्हींची सांगड फ्रेंच डॉक्टर विदाल यांनी 1922 मध्येच नोंदवली होती. 1968 नंतर अमेरिकेतल्या डॉ. सॅम्टर यांच्या नावानं हा आजार ओळखला जाऊ लागला. ही नेहमीची अ‍ॅलर्जी नव्हे. अशा माणसाच्या शरीरात श्वासनलिका आवळणारी ल्युकोट्राइन नावाची द्रव्यं आधीच जास्त असतात. गोळीनं त्यांचा लोंढाच सुटतो. त्वचेवरच्या चाचणीत हे दिसत नाही.

गंमत अशी, की यावर एक उपाय खुद्द अ‍ॅस्पिरिनच आहे. आधी दमा आटोक्यात आणतात, पुष्कळदा नाकाची शस्त्रक्रिया करतात. मग रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली, गोळीच्या लहानशा अंशापासून सुरुवात होते. काही तासांच्या अंतरानं मात्रा वाढवत नेतात, दर वेळी श्वास मोजतात. एक ते तीन दिवसांत शरीर पूर्ण गोळी सोसू लागतं. त्यानंतर ती रोज घ्यायची. दोन-तीन दिवसांचा खंड पडला, तर कमावलेली सवय मोडू शकते. पोटात अल्सर असलेल्यांना किंवा गरोदर बाईला हा उपचार देत नाहीत. ज्यांना सोसतो, त्यांचं मांस पुन्हा वाढण्याचा वेग मंदावतो आणि काहींचा वासही परततो.

आपाचा वास पुरता आला नाही. पण वेलदोडा आता तिचा तिला कळतो.

मात्र काट्यानं काटा काढायचा तो जाणत्या हातानं. घरी गोळीचे तुकडे करून हा प्रयोग कुणी करू नये, जिवावर बेतेल. आणि ज्यांना हा त्रास आहे, त्यांनी केवळ अ‍ॅस्पिरिन टाळून भागत नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक याही त्याच कुळातल्या. सर्दी-अंगदुखीच्या जोडगोळ्यांतही त्या दडलेल्या असतात. म्हणून ही नावं एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा, आणि दुकानदारानं गोळी काढण्याआधी ती चिठ्ठी त्याच्यासमोर धरा.