कूपेमधून चाकं नेताना

ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर-दुरुस्तीचा संच असेल तर कारला स्टेपनीची सक्ती नाही, असा नियम 2020 साली झाला. बऱ्याच स्पोर्ट्स कूपेंमध्ये ती नसतेच, तिची जागाही नसते. म्हणून पावसाळ्याआधी डोंबिवलीहून ठाण्याला जादा चाकं न्यायची, तर ती आतच बसवावी लागतात. मागची सीट पाडा, जुनी चादर अंथरा, चाक आडवं ठेवा. मागची काच झाकू नका. आणि बांधा, घट्ट बांधा! 18 इंची चाक टायरसह सहज 20 किलो भरतं. शिळफाट्याला अचानक ब्रेक लागला, तर ते थेट चालकाच्या पाठीवर येईल. बांधायला पट्टा नसेल, तर सरळ टेम्पो करा.