साठ गोळ्या आणि चाळीस गोळ्या



वस्तीतल्या मुलींच्या गटांत मी १० मीटर एअर पिस्तुलाचा विषय काढते, तेव्हा आयांचा पहिला प्रश्न असतो, "बाईच्या हाताला झेपेल का?" म्हणून आधी तंत्र पाहू.

पिस्तूल एकाच हाताने धरायचं असतं. त्याचं वजन जास्तीत जास्त दीड किलो. नजर लक्ष्यावर नाही, तर नळीच्या टोकावरच्या माशीवर ठेवायची. श्वास थोडा सोडून रोखायचा आणि चाप झटका न देता सावकाश दाबायचा. दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम साडेअकरा मिलिमीटरचं. हात स्थिर लागतो, सराव लागतो. दोन्ही बाईला जमतात.

तरी नियम काय होता? २०१७ अखेरपर्यंत आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या पात्रता फेरीत पुरुषांना ६० गोळ्या, बायकांना ४०. अंतर तेच, लक्ष्यही तेच! २०१८ पासून दोघांनाही ६० झाल्या. त्याच वर्षी जकार्ताच्या एशियाडमध्ये कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं.

दुसरी गोष्ट देखभालीची. पिस्तूल रिकामं आहे ना, हे प्रत्येक वेळी स्वतः तपासायचं. नळी साफ ठेवायची. हवेच्या सिलिंडरचा दाब आणि मुदत पाहायची. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीतच मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं आणि मोलाची मिनिटं गेली. २०२४ मध्ये पॅरिसला तिने दोन कांस्यपदकं मिळवली. ऐन वेळी यंत्र अडतं, म्हणून त्याची माहिती मुलीलाच हवी. "दादा बघेल" म्हणून ते काम सोडून देऊ नये.

मुलींना "एवढंच पुरे" असं कोणी म्हटलं, तर ते कशावरून ठरवलं, हे आपल्या गटांनी विचारायला हवं.